शिंदीच्या झाडांपाशी काटा पडतो

मी तेव्हा बंगळूरच्या कंटोनमेंटमधल्या एका गॅरेजात मिस्त्री होतो. वय तिशीचं. त्याआधी चार वर्षं विमानांच्या कारखान्यात इंजिनं तपासण्यात गेली होती, त्यामुळे कुणाला न उमगणारी गाडी आली की आमचे मालक ती माझ्याकडे सरकवायचे. त्यांना सगळे अण्णाच म्हणत. पन्नास सालानंतरची ती वर्षं. शहर लहान होतं. सकाळी नऊ वाजेपर्यंत धुकं हलायचं नाही.

अशाच एका सकाळी ती गाडी आली. लढाईच्या आधीची, विलायती, दोन माणसांची, वर छप्पर नसलेली. तिच्या इंजिनाला सुपरचार्जर होता, म्हणजे इंजिनात जबरीनं हवा कोंबणारा पंखा. गाडीनं वेग घेतला की त्या पंख्याचा आवाज चढत जायचा. ऐकणाऱ्याला वाटावं, दूर कुठेतरी बाई रडते आहे. चालवत होत्या एक पन्नाशीच्या बाई. उत्तरेकडच्या संस्थानी मराठा घराण्यातल्या, नवऱ्याबरोबर इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. नवरा विमानांच्या धावपट्टीवर शर्यतीत ही गाडी पळवायचा. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"पेट्रोलचा दाब पडतो," त्या म्हणाल्या. "रोज नाही. होसकोटेच्या रस्त्याला गेलं की तळ्याच्या बांधावर, शिंदीच्या झाडांपाशी. दर वेळी तिथेच."

"दुसरीकडे कुठे?"

"दुसरीकडे मी जातच नाही."

अण्णा अर्ध्या कन्नडमध्ये पुटपुटले, "स्वल्प सांभाळून." मी लक्ष दिलं नाही. दाब पडतो म्हणजे कुठेतरी कचरा, गळती नाहीतर थकलेला पंप. मी नळ्या सोडवून फुंकल्या. जाळी स्वच्छ होती. विजेचा पंप उघडून आतला पेट्रोल ओढणारा पडदा पाहिला, नव्यासारखा होता. टाकी रिकामी करून धुतली. मग थोडंसंच पेट्रोल घालून इंजिन दोन तास गॅरेजात चालवलं. दाबाचा काटा पाचावर खिळलेला. पंपाची टिकटिक घड्याळासारखी.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या शेजारी बसून निघालो. निघताना त्यांनी घरी टाकी काठोकाठ भरून, झाकण घट्ट पिळून घेतलं होतं. रस्ता मोकळा होता. बाई गाडी अशी चालवत की मी दाराची कड धरून बसलो. बांधावर आलो. धुक्यात शिंदीची चार झाडं वाकून उभी होती. आणि पंपाची टिकटिक मंदावली. टिक. मग बऱ्याच वेळानं टिक. जाणाऱ्या माणसाची नाडी धरून बसलो आहोत असं वाटलं. काटा चारावर, दोनावर, शून्यावर. पंख्याचं ते रडणं हळूहळू खाली उतरलं आणि गाडी झाडांसमोर उभी राहिली.

मी बॉनेट उघडून वाकलो. कार्बुरेटरमध्ये पेट्रोलचा थेंब नव्हता. बाई मागे टाकीकडे गेल्या, पट्टीनं पेट्रोल मोजायला. तेवढ्यात मला लांब, खोल श्वास ऐकू आला. मला वाटलं, त्यांनीच सोडला. मी मान वर केली नाही.

"टाकी भरलेलीच आहे," त्या म्हणाल्या. "आता होईल सुरू."

झाली. एका झटक्यात. काटा पुन्हा पाचावर.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा नव्हे. पण त्या रात्री जेवताना बायकोनं दोनदा हाक मारली ती मला ऐकू आली नाही.

तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "बाईसाहेब, आज उलट्या दिशेला जाऊ. म्हैसूर रस्त्याला." तेवढंच अंतर, तोच वेग. अर्ध्या वाटेवर थांबवून मी पेट्रोल किती जळतं ते मोजलं आणि पुढे गेलो. काटा जागचा हलला नाही. परतताना बाई शांतपणे म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना. तिथेच."

त्यांच्या आवाजात भीती नव्हती. समाधान होतं. त्यानंच माझ्या अंगावर काटा आला.

चौथ्या दिवशी पुन्हा बांध. पुन्हा धुकं, पुन्हा ती विझत जाणारी टिकटिक. या वेळी मात्र बाई उतरायच्या आत मी मागे धावलो आणि टाकीचं झाकण स्वतः फिरवलं. माझ्या हाताखाली टाकीनं श्वास घेतला. सोडला नाही, आत घेतला. बराच वेळ गुदमरलेल्या माणसानं घ्यावा तसा. हात झटकन मागे आला. मग तोच हात पुन्हा पुढे करून मी झाकण उलटं केलं.

झाकणाला भोक नव्हतं. आत जाड चामड्याची चकती होती, हवा अडवायला मुद्दाम बसवलेली. पेट्रोल जळतं तशी टाकीत त्याच्या जागी हवा जायला हवी. ती जात नव्हती. भरल्या टाकीत वर जागा अगदी थोडी, म्हणून ठराविक अंतर गेलं की आत ओढ एवढी वाढायची की पंपाला पेट्रोल खेचवेना. त्यांच्या घरापासून तेवढं अंतर म्हणजे हा बांध. म्हैसूर रस्त्याला मी मोजायला झाकण उघडलं, तेव्हाच नकळत टाकीला हवा दिली होती.

"पण असं झाकण कुणी बसवलं?" मी विचारलं.

बाई बांधाच्या दगडावर बसल्या.

"ते पहिल्यापासूनचंच," त्या म्हणाल्या. "तेव्हा विजेचा पंप नव्हता. शेजारी बसणाऱ्यानं हातपंपानं टाकीत हवा भरत राहायचं. त्या दाबानं पेट्रोल पुढे यायचं. शेजारी मीच बसायची. सगळ्या शर्यतींत. काटा खाली आला की मी पंपाचे दोन हात मारायची. त्यांना सांगावं लागायचं नाही."

मी झाकणातली चकती नखानं खरवडून पाहिली.

"त्या दिवशी आम्ही भांडलो होतो. घरातलंच काहीतरी, आता आठवतही नाही. बांधावर आलो तेव्हा काटा खाली यायला लागला. त्यांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हात मांडीवर ठेवून बसले. गाडी इथे थांबली. ते उतरले, बॉनेट उघडलं, आणि तिथेच खाली बसले. परत उठले नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय. कधीही झालं असतं."

गाडीकडे बघत त्या म्हणाल्या, "नंतर तो हातपंप माझ्यानं बघवेना. तो काढून हा विजेचा बसवायला सांगितला. मग गाडी आपणहून इथे थांबायला लागली. मला वाटलं, तिला आठवतं."

"तिला काही आठवत नाही, बाईसाहेब. पंप बदलणाऱ्यानं झाकण बदललं नाही, एवढंच."

"एवढंच," त्या म्हणाल्या.

त्याच दुपारी मी झाकणाला सुईएवढं भोक पाडलं. इतकं छोटं काम मी आयुष्यात इतक्या हळू केलेलं नाही. अण्णांनी विचारलं, "काय निघालं?" मी म्हटलं, "हवा." ते "सरी", म्हणजे ठीक, म्हणाले आणि चहा सांगायला गेले.

दुसऱ्या दिवशी शेवटची फेरी. बाई चालवत होत्या. बांध आला, झाडं आली. टिकटिक एकसारखी, काटा पाचावर. बाईंनी झाडांकडे मान वळवली नाही. गाडी झाडांसमोरून गेली आणि पुढच्या गावापर्यंत थांबली नाही. तिथे आम्ही शहाळी प्यालो. दोन वर्षांत त्या पहिल्यांदाच बांधाच्या पलीकडे आल्या होत्या. उठताना त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली आणि शेजारच्या जागेवर जाऊन बसल्या.

परतताना धुकं विरलं होतं. ऊन पडलं होतं. झाडं जवळ आली तशी पंख्याचा आवाज खाली उतरायला लागला. मी काट्याकडे पाहिलं. पाचावर. मग खाली पाहिलं. माझाच पाय अॅक्सिलरेटरवरून उचलला गेला होता. मी तो उचलला नव्हता, एवढं मी आजही शपथेवर सांगेन.

"थांबू नका, मिस्त्री," शेजारून बाई म्हणाल्या.

मी पाय जोरानं दाबला.