बंदूक न्यायला दोघांनी यावं

आमचे मामू बंदूक दुरुस्त करण्यात जेवढे पटाईत, त्याहून ती परत न देण्यात जास्त! बंदूक टाकायला तुम्ही एकटे या, काही हरकत नाही. न्यायला मात्र सोबत दुसरा माणूस हवाच. एकट्याने आलात तर मामू तुम्हाला बाकावर बसवणार, चहा पाजणार, घरच्यांची चौकशी करणार आणि हात हलवत परत पाठवणार. खांद्याला बंदूक नाही तर अंगात सदरा नाही असं मानणाऱ्या दुबईत हा माणूस हे करायचा आणि तरीही त्याच्या बाकापुढे गर्दी असायची. काय म्हणावं!

ते माझे सख्खे मामा नव्हते. पण साठच्या दशकात दापोली-रत्नागिरीकडून जो कुणी मुसलमान दुबईला उतरला, त्याचे ते मामूच झाले. मी तेव्हा तिशीचा, दोन पोरांचा बाप, दुबईच्या देरा भागातल्या बाजारात दोर, खिळे आणि डांबर विकणाऱ्या एका दुकानात कारकून होतो. सेठ आमच्याच रत्नागिरीकडचे. दुकानाच्या ओट्यावर मामूंनी आपला बाक मांडला होता. उन्हाने तापलेली नळी ते उघड्या हाताने उचलत आणि कानाशी धरून बोटाने टिचकी मारत. ‘हिचा घसा बसलाय,’ असं काहीतरी म्हणत. आणि त्यांचं निदान दरवेळी बरोबर! मी तर थक्क होऊन हिशोबाची वही तशीच उघडी टाकून बघत राहायचो.

या दोन माणसांच्या नियमावरून सेठ आणि मामूंची रोज जुंपायची. सेठ म्हणत, “अरे, ज्याची वस्तू त्याला देत नाहीस, तू कोण कोतवाल लागून गेलास? आणि ज्याला जीव द्यायचाच आहे तो काय तुझ्यासाठी थांबतो? समुद्र काय आटलाय?”

मामू कानस बाजूला ठेवून म्हणत, “सेठ, समुद्रापर्यंत चालत जावं लागतं. वाटेत कुणी सलाम करतं, कुणी चहाला हाक मारतं. तेवढ्यात तो वाईट तास निघून जातो. बंदुकीला वाटच नाही.”

“मग सगळ्यांच्या बंदुका काढूनच घे ना!”

“मी बंदुकीचंच खातो, मी कशाला काढून घेऊ? असू दे प्रत्येकाकडे. माणसाचं मन ठिकाणावर नसेल तेव्हा चार दिवस माझ्या ओट्यावर असू दे, इतकंच माझं म्हणणं.”

सेठ कपाळाला हात लावत. मी मनातून सेठांच्या बाजूचा होतो, हे आज कबूल करतो. मला तो म्हाताऱ्याचा हेका वाटायचा.

आमच्या गिऱ्हाइकांत एक नाखुदा, म्हणजे गलबताचा कप्तान, होता. मुंबई-कराचीच्या खेपा करून फर्डं हिंदी बोलणारा, दुकानात शिरला की छप्पर हलेल असं हसणारा. त्याने आपली रायफल मामूंकडे दुरुस्तीला टाकली आणि तो खेपेवर गेला. परतीच्या वाटेवर वादळात त्याचं गलबत बुडालं. तो वाचला, त्याचा एकुलता एक मुलगा गेला. त्यानंतर तो दोनदा रायफल न्यायला आला, दोन्ही वेळा एकटा, आणि दोन्ही वेळा मामूंनी ‘लाकडी दस्त्याचं पॉलिश सुकायचंय’ म्हणून त्याला चहावर परत पाठवलं.

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा शुक्रवारची दुपार होती. मामू अजून मशिदीतून परतले नव्हते. नाखुदा दारात उभा, आणि सोबत एक माणूस! मला काय तो हुरूप आला! नियम मला तोंडपाठ होता. मी दोन डोकी मोजली आणि रायफल काढून त्याच्या हातात दिली. तो हसला नाही, बोलला नाही, निघून गेला.

मामू आले. मी ऐटीत सांगितलं, “नाखुदाची रायफल दिली हां, मामू. दोघं होते.”

“दुसरा कोण होता?”

“अब्रावाला. खाडी पार करून देणारा.”

मामूंचा चेहरा पडला. “नाखुदा त्याला नावाने हाक मारत होता?”

मी आठवून पाहिलं. नाही मारली हाक. भाड्याने आणलेला माणूस तो, नियमापुरता उभा केलेला!

“यल्ला, चल!” म्हणून मामू धावत सुटले. साठीचा माणूस, टोपी एका हातात, चपला दुसऱ्या हातात, आणि मागे मी! धक्क्यावरच्या पहिल्या होडीत उड्या टाकल्या. खाडी एवढीशी, पण त्या दिवशी ती संपेना. पलीकडे उतरून तापलेल्या वाळूतून पळत आम्ही नाखुदाचं झावळ्यांचं घर गाठलं.

तो अंगणात बसला होता. मांडीवर रायफल. जिवंत होता! मला ओरडावंसं वाटलं. मामूंनी मात्र धाप आवरली, सलाम केला आणि चक्क भांडायला सुरुवात केली. “नाखुदा, ये क्या किया? मेरा काम अधूरा है! घोडा ढीला है. ऐसी बंदूक मेरे बाक से गई तो बाजार में मेरी इज्जत खलास!”

नाखुदा त्यांच्याकडे बघत राहिला. शेवटी तो हळूच म्हणाला, “अधूरा है तो ले जाओ, मिस्त्री.” आणि रायफल पुढे केली.

मामूंनी ती माझ्याकडे दिली, मला बाहेर पिटाळलं आणि स्वतः त्याच्याशेजारी बसले. “भूख लगी है, कुछ खिलाओगे?” एवढंच मी जाताना ऐकलं. मागून मोठ्या माणसाचं रडणं ऐकू आलं. नाखुदाचा भाचा शारजाहून येईपर्यंत मामू तिथून हलले नाहीत. मला एका शब्दाने रागावले नाहीत. तेच मला जास्त लागलं.

दीड महिन्याने नाखुदा आला तेव्हा त्याच्यासोबत सात माणसं होती! भाचा, मेहुणा, खलाशी, सगळे एकमेकांना हाका मारत. मामूंनी रायफल पुसून, दोन्ही हातांनी त्याला दिली. सेठ काउंटरमागे उभे राहून बघत होते. त्यांनी सगळ्यांसाठी चहा मागवला आणि त्यानंतर तो वाद ओट्यावर कधी निघाला नाही.

काही वर्षांनी मामू कायमचे गावी निघाले. मुंबईची स्टीमर तेव्हा लांब समुद्रात उभी राही. तिथवर नाखुदाने हट्टाने त्यांना आपल्या नव्या लाँचमधून नेलं. मीही होतो. पाण्याकडे बघत मामू मराठीत म्हणाले, “त्या दिवशी तुला रागावलो नाही, का ठाऊक आहे? माझ्या भावाची बायको बाळंतपणात गेली. आठवड्याने तो आला, म्हणाला, माझी बंदूक दे. दुरुस्तीला माझ्याकडेच होती. मी तेल लावून, चकचकीत करून त्याच्या हातात दिली. एकटाच आला होता रे.”

सुकाणूवरून नाखुदाने विचारलं, “मिस्त्री, क्या बोलता है?”

मामूंनी डोळे पुसले. “बोलता हूँ, लाँच सीधी चलाओ. मेरेको तैरना नहीं आता!”

नाखुदा हसला, पूर्वीसारखा, दुकानाचं छप्पर हलेल तसा. स्टीमरला लाँच लागली तेव्हा त्याने मामूंची ट्रंक खांद्यावर टाकली आणि भराभर शिडी चढून गेला. मला हुंदका आवरत नव्हता आणि आनंदही. वरून त्याची हाक आली, “यल्ला, मिस्त्री, ऊपर आओ!”

मामू एकेक पायरी चढू लागले.