धनुबाईचा कायदा

लग्नानंतरच्या पहिल्याच कार्तिकात धनुबाईनं बोरटेकच्या नदीवरून घागर भरून आणली, ओंजळभर पाणी तोंडाशी नेलं आणि सासऱ्यांसमोर, पदर जराही ढळू न देता, विचारलं, "हाई पानी शे का म्हैसनं मूत?"

सासूनं समजावलं की हा अंबाडीचा वास आहे, महिनाभर सोसायचा असतो. बोरटेक हे पिढ्यान्‌पिढ्या सोसत आलं होतं आणि आपल्या सोसण्याचा त्याला चक्क अभिमान होता. गावाच्या दोन्ही विहिरी मचूळ, त्यांच्या पाण्यात डाळ शिजायची नाही. त्यामुळे नदीच्या वाळूत झिरा खणायचा आणि वाटीनं पाणी घागरीत भरायचं, एवढंच बायकांच्या हाती होतं.

नदी सातपुड्यातून उतरते. आधी हिंगटेक लागतं, मग बोरटेक, मग भिल्लांची भिलाटी, आणि पुढे ती तापीला मिळते. हिंगटेकला अंबाडी फार. दिवाळीच्या सुमारास ती कापायची, पेंढ्या बांधायच्या आणि साल सडून वाख सुटेपर्यंत दगडांखाली नदीत बुडवून ठेवायच्या. त्या वाखाचे दोर अक्कलकुव्याच्या बाजारात हातोहात खपत. पेंढ्या बुडवायच्या कुठे, तर आपल्या पाणवठ्याच्या खाली, अगदी शिवेच्या टोकाला, म्हणजे आपल्या पाण्याला धक्का नको. हिंगटेकची माणसं मोठी धार्मिक. नदीची ओटी भरायची, पाणवठ्यावर पायतण काढून जायची. शिवेपलीकडेही नदी वाहते, एवढंच त्यांच्या डोक्यात शिरत नसे. कार्तिकात बोरटेकचं पाणी काळं पडे, मासे पोट वर करून तरंगत, आणि लहान पोरांना हगवण लागे.

पुढे धनुबाई स्वतः सासू झाली, आणि तिचे दोन नातू असेच गेले. दोघंही आपापल्या पहिल्या कार्तिकात. मुलगा दोधू गप्प गप्प राहू लागला, आणि सून शोभाबाई तर मुळातच अबोल. गावानं देवीचा कोप म्हटलं. धनुबाईनं देवीला दोष दिला नाही. ती म्हणाली, देवी अंबाडी सडवत नाही.

तिनं गावाच्या मागे लागून तालुक्याच्या साहेबांकडे अर्ज धाडला. पंचायत समित्या नव्यानंच झाल्या होत्या, साहेबांना उत्साह होता. ते आले, हिंगटेकच्या सरपंचाकडे, धुडकू पाटलाकडे, बासुंदी जेवले, नाकाला रुमाल लावून नदी पाहिली आणि बोरटेकच्या पारावर लोकजागृतीवर बोलले. पाणी उकळून प्या, म्हणाले. धनुबाईनं विचारलं, सरपण सरकार देणार का? साहेबांनी या बाईंचं नाव लिहून घ्यायला सांगितलं. पुढे त्या नावाचं काय झालं कोण जाणे.

मग बोरटेकचे पुरुष बैलगाडीनं हिंगटेकला बोलणी करायला गेले. पुढारी सुपडू पाटील, गावचा सरपंच आणि धनुबाईचा चुलत दीर. संध्याकाळी सगळे पोटभर जेवून परतले, आणि सुपडूच्या खांद्यावर हिंगटेकनं भेट दिलेला विहिरीचा कोरा दोर.

"वैनी, सोयरा शेतस त्या," सुपडू म्हणाला. "त्यास्ले कसं सांगनं?"

"दोर लई वनात ना? आते तोच गळामा बांधी ल्या," धनुबाई म्हणाली.

सुपडूचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि तेच संतापजनक होतं. निम्म्या बोरटेकच्या सुना हिंगटेकच्या. शोभाबाईही तिथलीच. व्याह्याला वाकडं बोलायचं नाही, मग त्यानं तुमच्या ताटात काही का वाढेना. असल्या मिशांना तूप लावून पीळ भरत बसणाऱ्या पुरुषांविषयी धनुबाईचं मत मुळातच फारसं बरं नव्हतं, ते त्या दिवसापासून पार रसातळाला गेलं.

माघात शोभाबाईला मुलगी झाली. धनुबाईनं तिला मांडीवर घेतलं आणि मनात कार्तिकापर्यंतचे महिने मोजले. ही पोर जगली पाहिजे, बाकी जग गेलं खड्ड्यात, एवढं एकच तिनं मनाशी धरलं.

आणि तिला आखाजी आठवली.

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात. हिंगटेक आणि बोरटेकच्या बायका त्या दिवशी शिवेवर नदीच्या दोन काठांना समोरासमोर उभ्या राहत आणि गाण्यांतून एकमेकींना मनसोक्त शिव्या देत. वर्षात तेवढाच एक दिवस. कुणी कुणाची सासू काढो, कुणी चारित्र्य काढो, राग धरायचा नाही. जिला उत्तर सुचेनासं होईल ती बाजू हरली, आणि हरलेल्या गावानं जिंकलेल्याची मागणी पुरी करायची. मागणी म्हणजे गूळ-खोबरं. याहून मोठं काही मागावं असं आजवर कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पुरुष निंबाखाली बसून खिदळत ऐकत.

अडचण एकच. आखाजीला बोरटेकच्या हिंगटेककर सुना माहेरी जात आणि पलीकडच्या काठावर उभ्या राहत. अकरा महिने जे पाणी प्यायच्या, बाराव्या महिन्यात ते नासवणाऱ्यांच्या बाजूनं गायच्या. धनुबाई फाल्गुन-चैत्रात एकेका घरी गेली. पापड लाटायला बसली, शेवया वळू लागली आणि प्रत्येक सुनेशी बोलली. माहेराविरुद्ध बोलू नका, म्हणाली. फक्त त्या दिवशी गप्प राहा. कुणी हो म्हटलं नाही. शोभाबाई तर मान खाली घालून शेवया वळत राहिली.

आखाजीला शिवेवर जत्राच जमली. दोन्ही बाजूंनी फैरी झडू लागल्या. दोन-चार जुनी गाणी झाली, आणि मग धनुबाई पुढे झाली.

"हिंगटेकन्या बाया धुयेल-चोयेल,
गावनी घाण आमनी घागरमा येल."

निंबाखाली हशा पिकला. हिंगटेकच्या म्हाताऱ्या गाणारणीनं उत्तराची पहिली ओळ उचलली आणि मागच्या बायकांनी ती झेलावी म्हणून थांबली. मागून आवाज आला नाही. शोभाबाई तान्हीला उराशी धरून उभी होती, ओठ मिटून. तिच्या शेजारची गप्प, तिच्या शेजारची गप्प. म्हातारीनं पुन्हा ओळ उचलली, ती एकटीच्याच गळ्यात फाटली. खिदळणाऱ्या हिंगटेककर पुरुषांची तोंडं हळूहळू उतरली, कारण गप्प उभ्या असलेल्या पोरी त्यांच्याच होत्या, आणि त्यातल्या कुणाकुणाची किती पोरं गेली हे त्यांना सांगायला नको होतं.

धनुबाईनं गूळ मागितला नाही. धुडकू पाटलाकडे बघत ती म्हणाली, "तुमनी अंबाडी तुमना पानोठाना वर बुडाडा. ते पानी पेवाले चाली, तं मंग खाले सोडा."

आखाजीचा शब्द मोडता येत नाही. धुडकू पाटलानं मान हलवली, आणि त्या कार्तिकात हिंगटेकला एकाएकी शोध लागला की पडीक जमिनीत खड्डा खणून, त्यात पाणी भरूनही अंबाडी सडते. एवढी अक्कल त्यांना आधीपासून होती, फक्त गरज पडली नव्हती. बोरटेकचा झिरा निवळशंख राहिला. नात अंगणात बसून माती खाऊ लागली. सुपडू पाटील पाहुण्यांना सांगू लागला की हे आपण घडवून आणलं.

त्याच कार्तिकात एका सकाळी करमसिंगची बायको अंगणात येऊन उभी राहिली. भिलाटीतली. धनुबाईच्या कपाशीत ती वर्षानुवर्षं निंदणी करत होती, आणि धनुबाई तिला करमसिंगची बायको म्हणूनच ओळखत होती.

"आखाजीले मी बी व्हती तठे, धनुमाय. दूर उभी व्हती," ती म्हणाली. "तुमना तो कायदा हिंगटेकपुरताज शे का?"

धनुबाईला आधी समजलंच नाही. मग समजलं, आणि तिला उत्तर सुचेना. बोरटेकचीही अंबाडी होती. हिंगटेकइतकी नसली तरी होती. ती बोरटेकच्या पाणवठ्याखाली, शिवेच्या टोकाला, भिलाटीच्या झिऱ्यांच्या वरच्या अंगाला बुडवली जायची. धनुबाईच्या घरचीही. ती दरवर्षी स्वतः दगड ठेवायला जात असे. करमसिंगच्या बायकोचीही पोरं गेली होती. किती, ते धनुबाईनं कधी विचारलं नव्हतं. तिचं नावसुद्धा आज पहिल्यांदा विचारलं. मोगी, ती म्हणाली, आणि कामाला निघून गेली.

धनुबाई सुपडूकडे गेली. तो पोट धरून हसला. "आखाजी सरी गयी, वैनी."

दोधूला सांगितलं. तो म्हणाला, "माय, ती भिलाटी शे. त्यास्नी आपली काय सोयरीक?"

हिंगटेकची माणसंही याहून वेगळं वागली नव्हती. उलट त्यांनी निदान जेवायला घातलं होतं. जन्मभर ज्या गावाला ती नावं ठेवत आली, ते गाव आपल्याच घरात, आपल्याच पोटी जन्मलेलं पाहून धनुबाईला स्वतःची शिसारी आली.

भर दुपारी, माणसं शेतात असताना, ती शिवेच्या टोकाला पाण्यात उतरली. आपल्या घरच्या पेंढ्यांवरचे दगड काढले. कुजलेल्या अंबाडीचं काळं पाणी मानेवरून, चोळीतून ओघळत होतं आणि ती एकेक पेंढी डोक्यावरून नदीच्या वरच्या अंगाला नेत होती, बोरटेकच्या पाणवठ्याच्या वर. तिथं तिनं त्या पुन्हा बुडवल्या, दगड ठेवले. खालच्या काठावरून मोगी पाहत होती. मदतीला आली नाही आणि हसलीही नाही.

शोभाबाई घागर घेऊन आली. पोर कडेवर होती. झिऱ्यावर काळा तवंग येत होता. तिनं वर पाहिलं, सासूला पाहिलं, पेंढ्या पाहिल्या. घागर तिच्या हातून वाळूत पडली. आणि ज्या सुनेनं लग्नापासून सासूपुढे मान वर केली नव्हती, तिनं तो शब्द उच्चारला जो आखाजीलासुद्धा कुणी कुणाला म्हणत नाही.

"डाकीन," ती म्हणाली. "डाकीन शेस तू. मन्ही ही पोर बी खाशी का?"

धनुबाई कमरेइतक्या पाण्यात उभी होती. नातीकडे बघायची तिची छाती झाली नाही.

"म्हन. अजून जोरमा म्हन," ती म्हणाली. "आनि गल्लीमा जाईसन समदास्ले सांग, डाकीननी अंबाडी कोठे बुडाडी ते."

शोभाबाई पोरीला छातीशी धरून गावाकडे पळत सुटली, आणि गल्लीच्या पहिल्याच दाराशी तिचा आवाज चढला.