साडभाऊंचा नवाकोरा जुना कम्प्यूटर

माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे साडभाऊ, यांच्याइतका विचारी माणूस पांढुर्ण्यात झाला नाही, आणि त्यांच्या विचारांचा त्रास जितका पांढुर्ण्याला झाला तितका दुसऱ्या कशाचाही झाला नसेल. विचार करणारी माणसं सहसा गप्प बसून विचार करतात. साडभाऊ विचार करायचे ते लोकांच्या घरी जाऊन, लोकांचा चहा पिऊन आणि लोकांना प्रश्न विचारून. हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. वर्गात न्यूटनचे नियम ते असे ठणकावून सांगत की न्यूटननेच त्यांना विचारून ठरवले असावेत. पण शाळेची घंटा वाजून ते रस्त्यावर आले की घराकडे डावीकडच्या गल्लीनं जावं की उजवीकडच्या, इथपासून सुरुवात व्हायची.

बसस्टँडवरच्या हॉटेलात ते कधी सरळ आलूबोंडा मागवत नसत. आधी शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसाला विचारत, "आज आलूबोंडा बरा हाये का समोसा?" तो म्हणाला आलूबोंडा, की मग, "पण तुमी तं समोसा खाऊन राहिले!" आणि तो बिचारा आपल्या समोशाकडे संशयानं पाहू लागे. एकदा न्हाव्यानं अर्धी मिशी उडवल्यावर साडभाऊंना वाटलं की मिशी ठेवलेलीच बरी. न्हावी म्हणाला, आता मास्तर, एक बाजू तर गेली. तरी गळ्याला फडकं बांधलेल्या अवस्थेत हे उठले, रस्ता ओलांडून समोरच्या औषधवाल्याचं मत घेऊन आले, त्याचं पटलं नाही म्हणून त्याच्या गिऱ्हाइकाचंही घेतलं, आणि मग परत खुर्चीवर बसले. तोवर तीन वर्गांतली पोरं तिथून जाऊन आली होती.

लग्नाचंही तेच. मोहगावला आमच्या सासऱ्यांकडे मुलगी पाहायला आले, पोहे खाल्ले आणि म्हणाले, "विचार करून सांगतो." पुढच्या आठवड्यात पुन्हा आले, आणखी एकदा पाहावं म्हणून. मग संत्र्याच्या बागेला पाणी किती लागतं ते विचारायला आले. इतक्या खेपा झाल्या की घरच्या कुत्र्यानं त्यांच्यावर भुंकणं सोडून दिलं आणि गावानं त्यांना जावई धरून टाकलं. शेवटी सासऱ्यांनीच एक दिवस त्यांना ओसरीवर बसवून सांगितलं, "मास्तर, तुमचा होकार हाये. मी विचार केला." साडभाऊंना केवढं हलकं वाटलं असेल याची मला कल्पना आहे. आमच्या ताईंना, म्हणजे बायकोच्या त्या थोरल्या बहिणीला, मात्र ते आवडलेलं नव्हतं. "यायनं मले कधी पसंतच केलं नाई," असं त्या साडभाऊंच्या तोंडावर सांगत, आणि साडभाऊ त्यावरही विचार करत.

अशा माणसानं कोणालाही न विचारता, उभ्या उभ्या, एका मिनिटात कम्प्यूटर घेतला, हे मला ताईंनी सांगितलं तेव्हा मी आमच्या गावाहून, सौसरहून, पहिल्या बसनं पाहायला गेलो. गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटाकडची. कम्प्यूटर हा शब्द आमच्याकडे वर्तमानपत्रातून नुकताच येऊ लागला होता. साडभाऊ लेकीला घेऊन नागपूरला एका प्रदर्शनाला गेले. बेबी, त्यांची एकुलती एक, बारावीत होती. तिनं एका टेबलावरच्या त्या यंत्रावर हात ठेवला आणि बापाकडे पाहिलं. बस, एवढंच झालं. दिसायला तो नुसता बटणांचा चपटा डबा होता. त्याला पडदा नव्हता, घरचा टीव्ही त्याचा पडदा. त्याला स्मरणशक्ती होती पण बटण बंद केलं की जायची, म्हणून लक्षात ठेवायचं ते सगळं टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर भरून ठेवायचं. त्या वर्षी संध्याकाळी बापलेक टीव्हीपुढे सतरंजीवर मांडी घालून बसत, मधे तो डबा. बेबी बटणं दाबायची, साडभाऊ माहितीचं पुस्तक मोठ्यानं वाचायचे. कधी पडद्यावर गोल उमटायचा, कधी तारे. एकदा बेबीनं आईचं नाव उमटवलं तेव्हा ताई भाजीचा हात न धुता पाहायला आल्या.

गल्लीला मात्र हा कम्प्यूटर फार जड गेला. रविवारी सकाळी पौराणिक मालिका पाहायला अर्धी गल्ली साडभाऊंकडे जमायची. बायका हात जोडून बसलेल्या, कोणी उदबत्तीही लावलेली, आणि साडभाऊ म्हणत, "थांबा, वर्तुळ पूर्ण होऊन राहिलं." देव ताटकळले, पण वर्तुळ पूर्ण झालंच. आणि गणपतीत तर त्यांनी कहरच केला. मंडळानं आरतीची कॅसेट मागितली, साडभाऊंनी दिली, आणि भोंग्यावरून सगळ्या बाजारात अशी काही किंकाळी घुमली, की वाटावं शंभर रातकिडे एकदम पत्र्यावर घासताहेत. तो आमच्या बेबीचा पाढ्यांचा प्रोग्राम होता. एक म्हातारे गृहस्थ शेवटपर्यंत डोळे मिटून टाळ्या वाजवत उभे होते, हे मी स्वतः पाहिलं आहे.

बारावी झाली आणि बेबी नागपूरला इंजिनिअरिंगला गेली, विषय घेतला तोही कम्प्यूटरचाच. साडभाऊ तिला हॉस्टेलात सोडून परतताना, प्रदर्शनात ज्यानं डबा विकला होता त्याच्या नागपूरच्या दुकानात सहज डोकावले, आणि तिथंच त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या विचाराला सुरुवात झाली. दुकानदार म्हणाला, "सर, तुमचा तर आता जुना झाला. नवीन मॉडेल आलं. स्वतःचा पडदा, कॅसेट नाही, फ्लॉपी. तुमचा आणून द्या, दिवाळीपर्यंत बदलून देतो." वर्षाचाही न झालेला, वरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेला डबा जुना कसा झाला, हे साडभाऊंना कळेना. आणि तो नवा घ्यावा की नाही, हे त्यांनी पांढुर्ण्याला विचारायला घेतलं.

ताप आला म्हणून डॉक्टरकडे गेले, ते कम्प्यूटरचं विचारून आले आणि औषध तिथंच विसरले. कापसाच्या व्यापाऱ्याला विचारलं. त्यानं विचारलं, "जुन्यातून काय निघत होतं?" साडभाऊ म्हणाले, "वर्तुळ." "आन् नवीनातून?" "रंगीत वर्तुळ." व्यापाऱ्यानं बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं आणि चहा मागवला. रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गार्डसाहेबांनी ठेवा म्हणून सांगितलं, तर त्यांच्याच बायकोनं बदला म्हणून सांगितलं, आणि त्या घरात दोन दिवस अबोला होता असं म्हणतात. माझ्याकडे तर ते खास बस पकडून सौसरला येत. मीही काही साधा नव्हतो. ते "बदलून टाकावा म्हणतो" असं म्हणत आले की मी म्हणायचो, "चांगला चालून राहिला ना, कायले बदलता?" आणि "ठेवावा म्हणतो" म्हणाले की, "जग कुठं चाललं साडभाऊ, तुमी कॅसेटवरच राहणार का?" प्रत्येक वेळी ते उजळलेल्या चेहऱ्यानं आणि पार गोंधळलेल्या डोक्यानं परतीच्या बसमधे बसत, आणि माझी बायको मला म्हणे, "पाप लागन तुमाले."

दिवाळी जवळ आली तसं ताईंनी मला निरोप पाठवून बोलावून घेतलं. साडभाऊंच्या देखतच म्हणाल्या, "पाहुणे, यायले घेऊन जा नागपूरले. बदला, ठेवा, नाई तं कन्हान नदीत टाका. पण घरात मी आता हे नाव ऐकणार नाई. काल देवाले कौल लावून राहिले होते, फूल उजवीकून पडलं तं म्हणे, देवाची उजवी का माही उजवी?"

तेव्हा एका सकाळी आम्ही दोघं स्टेशनवर गेलो. डबा त्याच्या मूळ खोक्यात, खोकं चादरीत, आणि चादर साडभाऊंच्या छातीशी. ते बोलत होते. तिकीट काढताना बोलत होते, पूल चढताना बोलत होते. नव्याचा पडदा आणि जुन्याची सवय, असं एकदा इकडून एकदा तिकडून चाललं होतं. त्यांना शेवटपर्यंत हेलकावत ठेवायचं म्हणून मीही रंगात आलो होतो. समोर पॅसेंजर उभी होती, आम्ही चढलो, जागा मिळाली, गाडी सुटली. मी नव्याच्या बाजूनं इतका सुंदर बोलत होतो की खिडकीबाहेर डोंगर दिसायला लागले तरी माझ्या लक्षात आलं नाही. नागपूरच्या वाटेवर असे डोंगर नाहीत. गाडी थांबली, मी बाहेर डोकावलो आणि पाटी वाचली. तिगाव. आम्ही इटारसीच्या, म्हणजे बरोबर उलट दिशेच्या, गाडीत बसलो होतो.

उतरलो. परतीच्या गाडीला दुपार होणार होती. तिगावच्या फलाटावर आम्ही दोघं, मधे चादरीतलं खोकं, आणि पलीकडे उन्हात झोपलेली एक शेळी. मला वाटलं, आता साडभाऊ मला दोष देतील, निदान शेळीला तरी विचारतील. पण त्यांनी चादरीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. मी म्हणालो, "साडभाऊ, खरं सांगा. त्या रंगीत वर्तुळाचं तुमाले करायचं काय आहे?"

ते खोक्यावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "मले काई नाई करायचं. पोरगी मागच्या सुट्टीत आली होती ना. मी सगळं मांडून ठेवलं. टीव्ही पुसला, कॅसेट लावून ठेवली. आली, जेवली, झोपली. चार दिवस राहिली, हात नाई लावला. म्हणे, बाबा, आमच्या कॉलेजात असे नाई राहत आता." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तिच्या कॉलेजासारखा घरी असन, तं बसन ना माह्याजवळ. का नाई बसणार? तुमाले काय वाटते?"

इतके दिवस मी त्यांना या बाजूचं, त्या बाजूचं सांगत आलो होतो. या वेळी मात्र मी प्रश्नच उलटवला. मी म्हणालो, "सगळ्या पांढुर्ण्याले विचारलं तुमी. बेबीले विचारलं का?"

साडभाऊंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू ती सोय असते हे त्यांना आजवर कोणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या शनिवारी आम्ही पुन्हा निघालो. या वेळी खोकं घरी ठेवून, आणि चढण्याआधी मी गाडीवरची पाटी दोनदा वाचून. हॉस्टेलच्या दारात बेबी आली, बापाला पाहून आधी घाबरली, मग सगळं ऐकून हसू दाबत माझ्याकडे पाहू लागली. साडभाऊंनी प्रश्न मांडला, अगदी दोन्ही बाजूंनी, शाळेत मांडतात तसा.

"बाबा, नका बदलू," ती म्हणाली. "नवा घेतला तरी मी त्याच्यावर बसणार नाही."

"का बरं?"

"इथं दिवसभर मी तेच करते. घरी येते ते झोपायला, आईच्या हातचं खायला, आणि तुमच्याशी बोलायला. आणि तुम्ही ते पुस्तक घेऊन माझ्या मागं मागं फिरून राहता."

साडभाऊंचा चेहरा पडला. लागलं असणार. तिलाही ते दिसलं. तिनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली, ताईंनी दिलेल्या चकल्यांची, आणि म्हणाली, "चला. आज लॅब उघडी आहे. मौसाजी, तुम्ही पण चला."

लॅबमधे जोडे बाहेर काढावे लागत. थंडगार खोली, ओळीनं यंत्रं, आणि मोजे घातलेली चार-दोन पोरं. साडभाऊ देवळात शिरावं तसे शिरले. बेबीनं स्वतःची खुर्ची त्यांना दिली आणि आपण स्टुलावर बसली. तिनं भराभर काहीतरी टाइप केलं. त्यातलं मला काही कळलं नाही, आणि साडभाऊंना तरी किती कळलं असेल कोण जाणे. पण ते पडद्याकडे पाहत नव्हतेच. ते तिच्या बोटांकडे पाहत होते.

"झालं," ती म्हणाली. "आता हे मोठं बटण दाबा."

त्यांनी बोट पुढं केलं, थांबवलं, माझ्याकडे वळून पाहिलं. "दाबू का?"

"त्यांना काय विचारता, बाबा?" ती हळूच म्हणाली. "दाबा. काही बिघडत नाही."

त्यांनी दाबलं. पडद्यावर काय आलं ते आता मला आठवत नाही.

संध्याकाळच्या गाडीत आम्हाला खिडकी मिळाली. मी वाट पाहत होतो, की आता विचारतील, कळमेश्वर गेल्यावर विचारतील. शेवटी मीच म्हणालो, "मग, साडभाऊ? ठेवला ना जुना?"

"हाव," ते म्हणाले, आणि पुन्हा बाहेर पाहू लागले.

काटोलला संत्रेवाली टोपली घेऊन डब्यात आली. साडभाऊंनी गोड आहेत की आंबट ते तिला विचारलं नाही, मलाही विचारलं नाही, समोरच्या माणसाला तर नाहीच नाही. दोन उचलली, एक माझ्या हातात दिलं आणि स्वतःचं सोलायला लागले. पहिल्याच फोडीला माझे दात आंबले. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते एकेक फोड वेगळी करून, मावळत्या उन्हाकडे पाहत, सावकाश खात होते. सबंध संत्रं त्यांनी संपवलं. मी आपलं संत्रं अर्धं खाऊन तसंच हातात धरून बसलो, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटत होतं, की या माणसानं आता मला काहीतरी विचारावं.