दुधीच्या फुलावरचा पतंग

शहाद्यातला सुपडू फोटोवाला फोटो काढायचा, ते बहुतेक मेलेल्या माणसांचे. फोटोनं आयुष्य घटतं, या समजुतीनं धडधाकट माणूस त्याच्याकडे फिरकत नसे. घरात कुणी गेलं की मात्र प्रेत भिंतीला टेकवून बसवायचे आणि त्याला बोलावणं धाडायचे. काम झालं की चहासुद्धा कुणी विचारत नसे. त्याची बायको पहिल्या बाळंतपणात गेली होती. घरी दुसरं माणूस नव्हतं.

शेजारच्या रेवाबाईचा दुधीचा वेल त्याच्या कुंपणावर चढलेला. दुधीची पांढरी फुलं दिवेलागणीला उमलतात. त्यावर एक मोठा पतंग येऊन हवेतच थरथरत उभा राहतो आणि सुतासारखी लांब सोंड फुलात घालतो. हे दिसलं आणि सुपडूला ध्यास लागला, पतंगासकट फूल फोटोच्या काचेवर उतरवायचं. रोज अंधारात फोटोची पेटी रोखून बसे आणि पंखांचा आवाज ऐकून तो उजेडासाठी पेटवायच्या भुकटीचा भपकारा उडवी. लख्ख उजेड, धूर, आणि काचेवर पतंगाचं शेपूट. पंधरा दिवस हेच.

रेवाबाई दुधी बाजारात विकून पोट भरायची. कोवळ्या फळाला बोट दाखवलं तर ते सडतं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. एके सकाळी ती कुंपणाशी येऊन म्हणाली, "सुपडूभाऊ, बोटपेक्षा तुन्हा पेटीना डोया वाईट शे. मन्हा सगया दुध्या पडी ग्यात."

सुपडू माझ्याकडे आला. मी तेव्हा पुण्याहून दिवाळीच्या सुटीत घरी, शहाद्याला आले होते, वनस्पतिशास्त्र शिकत होते आणि मला सगळं कळतं असा माझा समज होता. रेवाबाईची अक्कल काढायची म्हणून मी वेल बघायला गेले. बोटभर फळं पिवळी पडून खाली सडा पडला होता. ओशाळले. त्याला सांगितलं, पतंग नराच्या फुलातला पराग मादीच्या फुलात नेतो, तेव्हा फळ धरतं. तुमच्या भपकाऱ्यानं तो बिचकून पळतो, दुसऱ्या फुलावर जातच नाही. बाई बरोबर बोलते, कारण तेवढं वेगळं.

त्यानं भुकटीचा डबा विहिरीत टाकला. लढाईमुळे विलायतेहून काचा येत नव्हत्या, एकच उरली होती. मी शहाणपणानं सुचवलं, आता चांदणं आहे, भिंग उघडं ठेवून बसा. भिंग इतका वेळ उघडं ठेवलं की हलणारं काही उमटत नाही, हे त्याला ठाऊक होतं; मला नव्हतं.

दिवाळीनंतरच्या शुद्ध त्रयोदशीला तो कुंपणाशी दोन तास बसला. काच धुतली तर फूल स्वच्छ आलं होतं, एकेक शीर मोजावी असं. वर रिकामा काळोख. हलणारं उमटत नाही, हे त्यानं तेव्हा सांगितलं. मी चरफडले. ठाऊक होतं तर शेवटची काच कशाला घालवली?

"अकरा येळा उना तो पतंग," सुपडू म्हणाला. "मी पेटीआड नव्हतू ना. पहिल्यांदा नीट देखा."

मग काच कागदात गुंडाळून त्यानं ती फळीवर ठेवली, आणि गावातल्या मंगलाबाईचा सासरा वारल्याचा निरोप आला म्हणून रिकामी पेटी घेऊन निघाला. काच नाही, हे तिथं जाऊनच सांगेन आणि घटकाभर नुसता बसेन म्हणाला.