इस्त्री केलेला चेहरा

दुकानाच्या पाटीवर स्टुडिओचं भारदस्त नाव होतं, पण गल्लीत सगळे त्याला इस्त्रीवालाच म्हणत. कपड्यांना नव्हे, चेहऱ्यांना इस्त्री करणारा. गिऱ्हाईक खुर्चीतून उठून केस सारखे करेपर्यंत यानं संगणकावर त्याच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, पुरळ, व्रण, सगळं पुसून टाकलेलं असे. न विचारताच. विचारायचं काय त्यात? सुरकुत्या ठेवा म्हणणारं गिऱ्हाईक त्याला जन्मात भेटलं नव्हतं. "देवाच्या हातून घाईत राहिलेलं मी निस्तरतो," असं तो म्हणायचा आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच आधी हसायचा. बायकोला तो विनोद ऐकून ऐकून पाठ झाला होता. ती हसत नसे.

मूळ फोटो ठेवायची तर त्याला सवयच नव्हती. पुसून झालेला फोटो जुन्याच्या जागी ठेवून द्यायचा, जुना गेला तर गेला. भंगार कशाला सांभाळायचं, हे त्याचं म्हणणं. घरचे फोटोही त्याच्याच हातचे. दिवाणखान्यातला आईचा मोठा फोटो, तिच्या ओळखपत्रावरचा, नातवाच्या लग्नातला, सगळीकडे आई कशी तुकतुकीत. घरातल्या फोनवरही त्यानं चेहरा आपोआप उजळ करायची सोय लावून दिली होती.

आई अलीकडे विसरायला लागली होती. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग पोटच्या मुलालाच "तुमचं कोणाकडे काम होतं?" इथवर मजल गेली. एका दुपारी दार उघडं राहिलं आणि ती निघून गेली.

पत्रकं त्यानं स्वतःच छापली. वर 'हरवल्या आहेत', खाली दिवाणखान्यातला फोटो. पोलिसांनाही तोच दिला. गावभर भिंती रंगवल्यासारखी पत्रकं लावली, पण खबर म्हणून येईना. चौथ्या दिवशी तो पार टोकाच्या बस स्थानकावर पोचला. तिथल्या चहाच्या टपरीवर पत्रक होतंच.

"यांना पाहिलंत का हो कुठे?" त्यानं चहावाल्याला विचारलं.

"नाही बुवा. रोज बघतोय की हा फोटो. एक आजी इथे बसून होत्या दोन दिवस, या कागदाच्या खालीच. पण त्या वेगळ्या. तोंडभर सुरकुत्या. काल बेघरांच्या निवाऱ्याची गाडी घेऊन गेली त्यांना."

"अंगात काय होतं?"

"बदामी स्वेटर. एकच बटण लाल होतं बघा."

ते लाल बटण त्याच्या बायकोनं लावलेलं. तो मटकन बाकावर बसला. चहावाला बिचारा समजूत घालायला लागला, "अहो, ती तुमची नव्हे. तुमची बघा की, चेहऱ्यावर एक रेघ नाही." त्यापेक्षा त्या माणसानं कानाखाली वाजवली असती तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

निवाऱ्यात आई खिडकीशी खाटेवर बसली होती. "आई!" म्हणत तो धावला. तिनं स्वेटर सारखा केला आणि परक्या माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. तेवढ्यात व्यवस्थापक बाई मध्ये आल्या. त्यांनी पत्रक पाहिलं, ओळखपत्र पाहिलं, फोनमधले फोटो पाहिले.

"यातलं कोणीच या आजींसारखं दिसत नाही."

"फोटो मीच सुधारलेत हो. माझा धंदाच आहे तो."

"म्हणजे फोटो खोटे, हे तुम्हीच सांगताय. आणि मुलगा तेवढा खरा मानायचा? मागे एकजण असाच मुलगा म्हणून आला. एका आजींना घेऊन गेला, कागदांवर त्यांचे अंगठे उमटवून घेतले आणि पुन्हा रस्त्यावर सोडून दिलं." त्यांनी त्याला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. "आता सांगा, त्यांच्या चेहऱ्यावर खुणा काय काय आहेत?"

हा चेहरा त्यानं अख्ख्या पडद्याएवढा मोठा करून पाहिला होता. चामखीळ होती एक. डाव्या गालावर, की उजव्या? भुवईत काहीतरी बुजवल्याचं आठवत होतं, काय बुजवलं ते आठवेना. हात सवयीनं पुसत गेला होता, पाहिलं काहीच नव्हतं.

"उजव्या गालावर चामखीळ," त्यानं अंदाजपंचे ठोकून दिलं.

बाईंनी पत्रकाची घडी घालून ते त्याच्या हातात परत दिलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी त्यानं बायकोला फोन लावला आणि तिचा आवाज बाईंना ऐकू जाईल असा मोठा केला.

"चामखीळ डाव्या गालावर आहे," बायको म्हणाली. "तिच्यावर एक पांढरा केस येतो, तो मी कापते. उजव्या भुवईत खाच आहे, लहानपणी रहाटाचा दांडा लागला होता. हनुवटीखाली भाजल्याचा डाग आहे. आणि डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे. तो उद्योग ह्यांचाच. तान्हे असताना डूल ओढलं होतं."

हे त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. पाळी मात्र त्यानं प्रत्येक फोटोत न चुकता सांधली होती. त्याला रडू आवरेना.

बाईंनी आजींचे केस कानामागे सारून पाहिलं. "सूनबाईंच्या शब्दावर सोडतेय," त्या म्हणाल्या. "तुमच्या नाही. आता नोंदीसाठी त्यांचा एक फोटो काढा. आहेत तशा."

डोळे पुसून त्यानं फोन समोर धरला. आईनं झटकन हात चेहऱ्यावर घेतला.

"तुम्ही नका काढू," ती अगदी आदरानं म्हणाली. "माझा मुलगा काढतो फोटो. चेहऱ्यावर एक डाग म्हणून ठेवत नाही. तुम्हाला नाही जमायचं तसं."

"हात खाली घे ना, आई. मीच आहे."

"आधी त्याला बोलवा," आई म्हणाली, आणि हात काही केल्या खाली घेईना.