जावयाच्या गोळ्या

तुम्ही दोघी फोनवर विचारता, "आजी, तिकडे काय विशेष?" आणि मी "सगळं ठीक" म्हणून मोकळी होते. उन्हाळ्यात सगळं ठीक नव्हतं. पण ते फोनवर, मध्येच कुणीतरी "आवाज येत नाहीये" म्हणत असताना सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आता सवडीने लिहिते आहे. जिच्याबद्दल लिहिते तिला आधी विचारलं. "लिही, फक्त नाव नको," म्हणाली. तेव्हा नाव कुणाचंच नाही.

माझी भाची, म्हणजे तुमच्या आईची मावसबहीण, कोपरला राहते. तिची एकुलती एक लेक लग्न होऊन ठाण्याला, कोलशेतला गेली. तिथे मुलगी आणि तिचा नवरा दोघंच, दोघंही नोकरी करणारे. संक्रांतीनंतर मुलीच्या ओटीपोटात दुखायला लागलं, अंगावरून पांढरं जायला लागलं. तिकडच्या डॉक्टरबाईंनी तपासणी करून घेतली, तर क्लॅमिडिया निघाला.

तुम्ही मोठ्या झाला आहात, तेव्हा आडपडदा ठेवत नाही. हा शरीरसंबंधातून होणारा जंतुसंसर्ग आहे. बऱ्याच जणींना काही त्रासच होत नाही. पुरुषांनाही बरेचदा होत नाही. त्यामुळे तो गुपचूप बसून राहतो. कळला तर साध्या गोळ्यांनी जातो. पण अंगात राहिला किंवा पुन्हा पुन्हा झाला, तर गर्भनलिकांपर्यंत पोचतो आणि पुढे मूल राहायला अडचण येऊ शकते. डॉक्टरबाईंनी हे सगळं सांगितलं होतं. गोळ्या दोघांनी एकाच वेळी घ्यायच्या, त्या संपेपर्यंत एकमेकांपासून लांब राहायचं आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करायची. नवऱ्याला घेऊन ये म्हणाल्या, आणि त्याच्यासाठी औषधाची वेगळी चिठ्ठीही दिली.

यात न समजण्यासारखं काय आहे, सांगा बरं? मी आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं. प्रश्न न वाचता उत्तर लिहीत सुटणारी मुलं खूप पाहिली. पण प्रश्न नीट वाचून, समजून घेऊन, वर बरोबर उलटं उत्तर लिहिणारी माणसं आपल्याच घरात निघावीत!

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मे महिन्यात एका सकाळी ती पोर ठाकुर्लीला माझ्याकडे आली. मी चहा ठेवला. मग एकदम म्हणाली, "आजी, मला इन्फेक्शन झालेलं. गेलेलं, ते परत आलंय." आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

"गोळ्या पूर्ण घेतल्या होत्यास?"

"एक पण चुकवली नाही. आई पाणी घेऊन समोर उभी राहायची."

"आणि नवऱ्याने?"

ती ओट्यावरचा रिकामा कप फिरवत बसली.

"अगं, त्याने घेतल्या का?"

"त्याला सांगितलंच नाही."

मी गॅस बंद केला. असं काही ऐकताना हाताशी पेटता गॅस नसलेला बरा.

झालं होतं ते असं. पहिला रिपोर्ट आल्यावर पोर घाबरून आईकडे गेली. आईने, म्हणजे माझ्या भाचीने, जावयाला फोन करून सांगितलं की हिची कंबर भरली आहे, चार दिवस माहेरी आराम करू दे. दोन्ही चिठ्ठ्यांची औषधं आणली. हो, दोन्ही! आणायला चुकली नाही. मुलीची मुलीला घड्याळ लावून दिली. जावयाची डब्यात ठेवून दिली. मुलगी बरी झाली, विषय संपला, असा मायलेकींचा हिशोब. मग पोर कोलशेतला परत गेली आणि संसार पूर्ववत सुरू झाला. विषयही पूर्ववत सुरू झाला.

"आता डॉक्टर काय म्हणतात?"

"चिडल्या. म्हणाल्या, फरशी पुसून उपयोग काय, नळ चालू आहे. या वेळी दोघं या, नाहीतर येऊच नका." तिचा आवाज बारीक झाला. "आजी, सोनोग्राफीत अजून सगळं नीट आहे. पण असंच होत राहिलं तर सांगता येत नाही म्हणाल्या. मला मूल हवंय गं."

"मग नवऱ्याला सांगायला अडलंय कुठे?"

"त्याला वाटेल माझंच काहीतरी आहे."

"आहे का?"

"नाही! कॉलेजला असताना एक होता. ते त्याला माहितीये. त्याची पण एक होती, ते मला माहितीये."

"मग?"

"ते माहीत असणं वेगळं, आजी. आणि हे असं रिपोर्टवर छापून येणं वेगळं."

मी भाचीला फोन करून बोलावून घेतलं. कोपरहून ती रिक्षाने आली, येताना बिस्किटांचा जुना डबा घेऊन आली. बसल्या बसल्या डब्यातून गोळ्यांच्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. करकरीत, एकही गोळी फोडलेली नाही.

"मावशी, मी म्हटलं वाया कशाला घालवायच्या? त्यांच्या तशाच पडल्यात. आता याच हिला देऊया."

"कुणाच्या आहेत त्या?"

"जावयांच्या."

"मग हिने का खायच्या?"

"अगं, आजार हिला झालाय ना!"

मी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"तू त्याच्या गोळ्या हिला दे, हिच्या मला दे, आणि माझ्या रक्तदाबाच्या तू घे," मी म्हटलं. "म्हणजे कुणाच्याच वाया जायला नकोत."

"मावशी, टोमणे नको मारूस. अधिक महिना चालू आहे. रविवारी जावई वाणाला यायचेत. पहिलाच अधिक. ज्याचे पाय धुवायचे त्याला असलं कसं सांगू?"

तुम्हाला तिकडे कदाचित आठवत नसेल. दर तीन वर्षांनी जो जास्तीचा महिना येतो, त्यात लेक-जावयाला जेवायला बोलावतात. जावयाला विष्णूच्या जागी मानतात. तांब्याच्या ताटात अनारसे मांडून, वर दिवा लावून ते वाण त्याला देतात. आणि विष्णूला कुणी गोळ्या द्यायच्या, इथे माझ्या भाचीचं गाडं अडलं होतं. मुलीच्या पोटाची चिंता होती, नाही असं नाही. रात्र रात्र तिला झोप नव्हती. पण जावयाचा मान त्या चिंतेच्या एक पायरी वर बसला होता.

शेवटी ठरलं की रविवारी जेवणाआधी मुलीने सांगायचं, मी शेजारी बसायचं. सोमवारी दोघं येतो असं कबूल करून मुलीने डॉक्टरबाईंकडून दोघांची औषधं नव्याने आणली. जुन्या गोळ्यांसकट बिस्किटांचा डबा मी माझ्याकडे ठेवून घेतला. भाचीचा भरवसा नव्हता.

रविवारी कोपरला गेले. जावई सोफ्यावर घाम पुसत बसलेला. तसा सरळ मुलगा आहे. मला पाहून उठून उभा राहिला, "आजी, पंख्याखाली बसा," म्हणाला. मी पोरीकडे पाहिलं. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात भाची आली. "आधी पन्हं घ्या हं." पन्हं झालं. पोरीने पुन्हा तोंड उघडलं. "आधी जेवून घेऊया, पुऱ्या गार होतील." जेवताना तर बोलायचं नाहीच, आमरसाच्या वाटीवर असला विषय कसा काढायचा? जेवणं झाली. "आता जरा आडवे व्हा, उन्हातून आलात." विष्णू दिवाणावर घोरायला लागला आणि आम्ही तिघी स्वयंपाकघरात एकमेकींकडे बघत बसलो.

"तू ठरवून करते आहेस," मी भाचीला म्हटलं.

"मी काय केलं? पाहुणचार पण करू नको?"

"आई," पोर म्हणाली, "तो उठला की वाण देणार आहेस ना? ताट कुठंय?"

भाचीने ताट दाखवलं. अनारसे रचलेले, मधे दिवा, बाजूला विड्याची पानं. पोरीने पर्समधून गोळ्यांच्या पट्ट्या काढल्या आणि अनारशांच्या शेजारी ठेवल्या.

"अगं बाई! ताटात?" भाची किंचाळलीच.

"वाणात आलेल्याला नाही म्हणायचं नसतं. तूच सांगतेस ना?"

मी मध्ये पडले नाही.

जावई उठला, तोंड धुवून पाटावर बसला. भाचीने ताट पुढे केलं, दिव्याची ज्योत हलत होती. त्याने ताट घेतलं, नमस्कार केला आणि मग पाहिलं.

"हे काय?"

पोर त्याच्या समोर जमिनीवर बसली आणि सांगितलं. रडली नाही. संक्रांतीपासून सगळं सांगितलं, कंबर भरल्याची थाप धरून. तो ताट मांडीवर घेऊन ऐकत होता. अनारसे विष्णूच्या मांडीवर, आणि विष्णूचा चेहरा लाल.

"म्हणजे तेव्हा मी रोज फोन करून विचारायचो, कंबर कशी आहे, कंबर कशी आहे. आणि तुम्ही दोघी..." त्याने ताट खाली ठेवलं. मग म्हणाला, "पण हे आलं कुठून?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. "ते तपासणीत कळत नाही," मी म्हटलं. "डॉक्टर म्हणतात, वर्षानुवर्षं त्रास न देता राहू शकतो. तुझ्याकडून आला असेल, तिच्याकडून आला असेल. काहीही असलं तरी गोळ्या याच."

"मला तर काहीच होत नाहीये."

"तिलाही सुरुवातीला होत नव्हतं."

तो उठून बाल्कनीत गेला. भाची लगेच माझ्यावर, "बघितलंस? गेले ना रागावून!" मी म्हटलं, बाल्कनीतच गेलाय, काशीला नाही. पण पोरीच्या चेहऱ्याकडे मला बघवत नव्हतं. ती ताटातल्या दिव्यात तेल घालत होती, जरूर नसताना.

बऱ्याच वेळाने तो आत आला. बायकोला म्हणाला, "मला सांगायचं होतंस. आईला सांगितलंस, मला नाही. त्याचा राग आलाय, बाकी कशाचा नाही." मग पट्टी उचलून उलटसुलट पाहिली. "जेवणानंतर घ्यायच्यात का?"

"हो."

"मग आत्ता घेतो."

"थांबा, थांबा," भाची धावली, "रिकाम्या तोंडी नको. मी मसाला दूध आणते!"

"पाणी आण!" मी आणि पोर एकदम ओरडलो.

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरबाईंकडे जाऊन आली. जावयाचीही तपासणी झाली, आणि त्यातही तेच निघालं. गोळ्या संपेपर्यंत तो दिवाणखान्यात झोपला. हे त्यानेच मला सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

गणपतीच्या सुमारास पुन्हा तपासणी झाली. या वेळी रिपोर्ट स्वच्छ आला, दोघांचाही. पोरीचा फोन आला तेव्हा तिला बोलता येत नव्हतं, नुसतं "आजी, आजी" चाललं होतं. मीही डोळे पुसले, खोटं कशाला सांगू.

तासाभराने भाचीचा फोन.

"मावशी, बघितलंस? मी सांगत नव्हते? अधिकातलं वाण कधी वाया जात नाही!"

बिस्किटांचा डबा अजून माझ्याच कपाटात आहे, आणि तो तिला परत मिळणार नाही.