हिरवा चुडा आणि मोंबाशाची बोट

"चढूक देणा नाय म्हणजे काय? बोट काय तुझ्या बापाशीची हा?"

माझी आये ओरडत होती. गोदीतल्या डॉक्टरच्या खोलीत, टेबलावर दोन्ही पंजे टेकून. आयेचा आवाज म्हणजे गिरणीचा भोंगा. ती लालबागला बोलली की माहीमचे कामगार डबे उचलून निघायचे. त्या दिवशी तर क्रेनने उचललेली एक मोटारगाडी हवेतच थांबली, असं मी इतकी वर्षं सांगत आलेय, आणि आजवर कोणी ती खाली उतरवलेली नाही.

डॉक्टर बिचारा मान खाली घालून कानातली नळी गुंडाळत होता. नियम असा, की सातवा महिना लागलेल्या बाईला बोटीवर घ्यायचं नाही. भर समुद्रात कळा सुरू झाल्या तर निस्तरणार कोण? मला सातवा लागायला अजून चांगला अवकाश होता. पण मी अंगाने थोराड, आणि पोट माझ्या पुढे हातभर चालायचं. मी वळणावर आधी दिसत नसे, पोट दिसे. डॉक्टरने पोटाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, मग नर्सकडे पाहिलं. आणि नर्सने पाहिलं माझ्या हातांकडे. दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या.

"चुडा भरलाय," ती म्हणाली. "डोहाळजेवण झालंय हिचं. म्हणजे सातवा लागला, डॉक्टर."

"माज्या चेडवाचो महिनो माका ठावक नाय, तुका ठावक?"

"मावशी, मी खोताच्या वाडीची. फ्रॉक घालते म्हणून मला कळत नाही असं समजू नका. डोहाळजेवण सातव्यात करतात."

आणि तिचं काही चुकलं नव्हतं. सातव्यातच करतात. माझं तेवढं आधी केलं होतं.

आमचे हे लग्नानंतर चार महिन्यांत आफ्रिकेला गेले होते, मोंबाशाला, रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून. ते गेले आणि मला दिवस असल्याचं कळलं. त्यांनी तिकडून तिकीट पाठवलं, सातव्याच्या आत ये म्हणून कळवलं, तिथल्या इस्पितळात माझं नावसुद्धा घालून ठेवलं. मला दुसरं काही नको होतं. बाळ होईल तेव्हा हे दाराबाहेर उभे असावेत, एवढंच हवं होतं. लग्नाच्या नवऱ्याला मी तोवर धड ओळखतही नव्हते. निदान त्या वेळी ओळख व्हावी.

पण चाळीतल्या बायका ऐकतात होय! पोरगी परमुलखात चाललीय, तिथे हिचे डोहाळे कोण पुरवणार, सिंह? म्हणून सगळ्यांनी मिळून डोहाळजेवण अलीकडे ओढलं. कोणी चांदण्यात बसवतात, कोणी बागेत. मला नावेत बसवायचं ठरलं, कारण मी बोटीने जाणार. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. चाळीत दुसरं काही नसलं तरी मोर्च्याच्या पाट्यांचे पुठ्ठे ढीगभर होते. पोरांनी ते उलटे जोडले, बाहेरून निळा रंग दिला. बोट एवढी मोठी झाली की एक टोक आमच्या दारात आणि दुसरं थेट करी रोडला. मधल्या लोकांना तिच्यातून वाकून जावं लागे. मी आत बसले, डोक्याला फुलांची वाडी, तोंडात पेढा. आतल्या बाजूने घोषणा तशाच राहिल्या होत्या. पायाशी 'महाराष्ट्र', पाठीशी 'संयुक्त'. कासाराने चुडा भरला तो घट्ट, बोटीच्या हेलकाव्यांत निघू नये म्हणून. बायका खूश झाल्या. मला वाटलं, झालं, आता उरलं फक्त जाणं.

डॉक्टर दुसऱ्या प्रवाशाकडे गेला तशी नर्सने आवाज खाली आणला. वाईट बाई नव्हती ती.

"दुपारी दुसरा डॉक्टर येतो. हा चुडा मी पाहिलाच नाही असं मी धरून चालेन. बांगड्या उतरवा आणि परत या."

तिथल्याच बेसिनपाशी तिने माझे हात साबणाने चोळले. हातांना सूज होती. एकही बांगडी मनगटापुढे सरकेना.

"फोडायला लागतील," ती म्हणाली.

"जळला तुझा तोंड!" आयेने दोन्ही हातांनी माझी मनगटं झाकली. "फोडूची काय म्हणतंस? वाढवची म्हण!"

सवाष्णीची बांगडी फुटत नाही, वाढते, हे त्या नर्सलाही माहीत होतं. तिने नळ बंद केला.

"जावय दर्यापार," आये म्हणाली, "पोर पोटुशी. आणि मी हिचो चुडो वाढवू? एका बोटीपायी?"

मग ती माझ्याकडे वळली. भोंगा बंद झाला होता. एवढ्या हळू आवाजात ती बोलू शकते हे मला तोवर माहीत नव्हतं. "तुका खराच जावचा हा गो?"

इथे मी काय काय बोलले याच्या माझ्याकडे निदान चार कहाण्या आहेत. एकीत मी टेबलावर हात आपटते आणि काचा डॉक्टरच्या चहात पडतात. खरं म्हणजे मी काही बोलले नाही. मला काही वाटतही नव्हतं. समोरच्या भिंतीवर एक खिळा होता, त्याला काही टांगलेलं नव्हतं. मी तो खिळा पाहत राहिले. साबणाचं पाणी कोपरावरून खाली ठिबकत होतं. कोणाचं तरी कोपर.

आयेने माझं न बोलणं 'नाही' असं धरलं. दुपारी बोट गेली.

गळ्यातले हार तसेच घेऊन आम्ही व्हिक्टोरियातून चाळीत परतलो. सकाळी साऱ्या चाळीने रडून निरोप दिलेला, आता काय तोंड दाखवणार? मी जिन्यातच सुरू झाले. "अगो, खुद्द कप्तान खाली आला! टोपी काढून म्हणाला, बाईसाहेब, तुम्ही चढलात तर बोट एका अंगाला कलेल, पाचशे माणसांचं पाप माझ्या माथी नको."

"आणि तुझं सामान?"

"सामान चढवलं होतं गो. पण आयेच्या मसाल्याच्या बरणीने बोट अशी शिंकली, की आपणहून धक्क्यापासून सुटली."

चाळ पोट धरून हसली. मीही हसले. माझं हसणं मला पलीकडच्या खोलीतून, फळीपलीकडून आल्यासारखं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी परळच्या सूतिकागृहात गेलो. मेट्रनबाई उंच होत्या, त्यांना टेबलाशी बसवायला छत फोडावं लागलं असेल.

"नाव कुठे घातलंय?"

"मोंबाशाला," मी म्हटलं.

"मग इथे काय काम?"

तिथे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नाव घालायची पद्धत. ज्यांची नावं घातलेली, त्यांच्या खाटा ठरलेल्या. आम्ही घातलं नव्हतं, कारण मी जाणार होते. आये तोंड उघडणार तोच मेट्रनने हात वर केला. "ओरडू नका. आत बायका बाळंत होतायत. कळा लागल्या की घेऊन या. खाट असली तर खाट, नाहीतर जमीन."

ह्यांना कळवलं, की आता बाळासकटच येईन. ह्यांचं उत्तर आलं. तब्येतीस जप, असं.

कळा लागल्या त्या नेमक्या हरताळाच्या दिवशी. लालबागला व्हिक्टोरिया नाही, टॅक्सी नाही, दुकानांच्या फळ्या लागलेल्या. मसाला कांडणाऱ्याची हातगाडी तेवढी मिळाली. तिच्यावर गोधडी घालून मला आडवं केलं, आणि आये एका हाताने गाडी ढकलत, दुसऱ्या हाताने माझे पाय धरून निघाली. पुढे अख्खा रस्ता भरून मोर्चा. मी नेहमी सांगते, की दोन लाख लोक मला बाळंतपणाला पोचवायला आले होते आणि निम्मे बारशापर्यंत थांबले. तसं नाही. माणसं बाजूला सरली, आम्हाला वाट दिली, आणि पुन्हा जुळली. त्यांनी आमच्याकडे फारसं पाहिलंही नाही.

पण एक गोष्ट खरी आहे, हवं तर आयेची शपथ घेते. मी उताणी होते, त्यामुळे मला पाट्यांच्या मागच्या बाजू दिसत होत्या. त्यांतल्या काही निळ्या होत्या. आमच्या चाळीने माझी बोट उसवून पुन्हा पाट्या केल्या होत्या. ती तुकड्यातुकड्यांनी माझ्या डोक्यावरून परळच्या दिशेने चालली होती. मी पाहत होते. छान दिसतेय, एवढंच मनात आलं.

खाट नव्हती. व्हरांड्यात गादी टाकली. मुलगी झाली. तिचं रडणं ऐकलं, आणि मग माझं रक्त थांबेना. एक नर्स धावत आली, सलाईनची बाटली घेऊन, आणि माझा हात उचलून शीर शोधू लागली.

"ह्या काढा."

"निघत नाहीत," मी म्हटलं.

ती आयेला विचारायला थांबली नाही. माझा हात जमिनीवर ठेवला आणि मोठ्या कात्रीची मूठ उलटी धरून ठोकत गेली. मनगटापासून कोपरापर्यंत, मग दुसरा हात. आवाज मात्र आठवतो. दुखल्याचं आठवत नाही. आये माझ्या उशाशी होती. ती ओरडेल म्हणून मी वाट पाहिली. तिने पोरीला पदराखाली घेतलं होतं आणि ती काचा पाहत होती.

मोंबाशाला तार गेली. हे धडधाकट होते, पुढेही कैक वर्षं धडधाकट राहिले. पोरीला त्यांनी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती बसायला लागली होती, आणि अनोळखी माणूस म्हणून तिने भोकाड पसरलं.

पण ते नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडूवाली व्हरांडा झाडत आली. गादीच्या कडेने हिरव्या काचा गोळा करून तिने सुपलीत भरल्या. माझे दोन्ही हात पांढरे, ओरखडलेले, दुसऱ्या कुणाचे तरी असावेत तसे अंगावर पडले होते. आये पोरीला थोपटत बसली होती.

"आये," मी म्हटलं, "तर मग त्या दिवशी गोदीतच..."

आयेने पोरीचं टोपडं सारखं केलं.

"काकणां काचेचीच होती," ती म्हणाली.